पोक काढून बसणाऱ्या संगणकचालकांसाठी उपकरण: कल्पना टिकाऊ आहे का?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली असून सध्या लातूरमध्ये एका दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. माझी मावशी औसा तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सकाळी दहाला ती खुर्चीवर बसते ती रात्री आठलाच उठते, आणि खरिपाच्या पीकविम्याच्या दिवसांत तर बारा वाजले तरी उठत नाही. गेल्या दिवाळीपासून तिची मान धरते आणि उजवा खांदा भरून येतो. बाम झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. "एवढा शिकलास, तर माझ्यासाठी काहीतरी कर," असे ती एकदा सहज बोलून गेली आणि तिथून हा विषय माझ्या डोक्यात बसला.

मी एक इलॅस्टिकचा पट्टा तयार केला आहे. त्यावर ईएसपी-३२ हा छोटा संगणकासारखा बोर्ड, एमपीयू-६०५० हा झुकाव मोजणारा सेन्सर आणि मोबाइलमध्ये असते तशी थरथरणारी छोटी मोटर बसवली आहे. सकाळी ताठ बसून एक बटण दाबायचे म्हणजे तो कोन शून्य मानला जातो. त्यानंतर पाठ २० अंशांपेक्षा जास्त पुढे झुकली आणि ३० सेकंद तशीच राहिली की पट्टा थरथरतो. सुट्या भागांचा खर्च अकराशे रुपयांच्या आसपास आला. मावशीने तो चार दिवस मनापासून वापरला. पाचव्या दिवशी मी गेलो तेव्हा पट्टा भिंतीवर कालनिर्णयच्या खिळ्याला लटकत होता आणि मावशी नेहमीप्रमाणे पोक काढून बसली होती.

यातून एखादा स्टार्टअप उभा राहू शकेल का, की हा नाद सोडून द्यावा? पट्ट्याऐवजी वेबकॅमवर चालणारे सॉफ्टवेअर करावे, असे एका मित्राचे म्हणणे आहे. तसेच कल्पना चोरीला जाऊ नये म्हणून आधी पेटंट घ्यावे का, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे.

गोदातीर (नांदेड)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे यंत्राविषयी बोलत नाही, मानेविषयी बोलतो.

तुमच्या कल्पनेच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते म्हणजे ताठ बसणे बरोबर आणि वाकून बसणे चूक. आपल्या सगळ्यांनाच शाळेत हे शिकवले गेले, पण शास्त्र इतके सरळ नाही. स्वीडनमधील नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या कण्यातील चकतीवरचा दाब प्रत्यक्ष सुई घालून मोजला आणि उभे राहण्यापेक्षा बसल्यावर दाब वाढतो असे मांडले. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतील विल्के आणि सहकाऱ्यांनी आधुनिक साधनांनी तेच मोजले, तेव्हा सैल उभे राहताना ०.५ मेगापास्कल (दाबाचे एकक), आधाराशिवाय बसताना ०.४६ आणि खुर्चीच्या पाठीवर रेलून आरामात बसताना ०.३ च्या आसपास दाब आढळला. हे मोजमाप एकाच माणसावर झाले होते, म्हणून त्याचा फार डांगोरा पिटू नये; पण ज्या बसण्याला आपण आळशीपणा म्हणतो त्यात चकतीवरचा दाब कमी भरला, एवढे तरी लक्षात घ्यायला हवे.

दुसरा आकडा तुम्हाला जाहिरातींमध्ये हमखास दिसेल: मान ६० अंश वाकवली की तिच्यावर २७ किलोचा भार पडतो. हा आकडा २०१४ मधील हंसराज यांच्या लेखातून आलेला असून तो संगणकावरच्या गणिती प्रतिकृतीतून काढलेला आहे, जिवंत माणसाच्या मानेत मोजलेला नाही. तो तुमच्या पॅकिंगच्या खोक्यावर छापू नका.

मग मावशींची मान का दुखते? माझ्याकडे येणाऱ्या संगणकचालकांवरून सांगतो, मूळ कारण बहुतेक वेळा एकाच स्थितीत तासन्‌तास राहणे हे असते. स्नायू हलका का होईना, पण सतत आवळलेला राहिला की तो थकतो, आणि सगळ्यात ताठ बसणारा माणूसही चार तास हलला नाही तर त्याची मान धरते. "सतत ताठ बसा" असे सांगणारा पट्टा एक ताण काढून दुसरा ताण देतो, आणि माझ्या मते चार दिवसांनी तो खिळ्याला जाण्यामागे आळस नसून अंगाचीच तक्रार असावी. उपकरण करायचेच असेल तर कोन मोजण्यापेक्षा "चाळीस मिनिटे झाली, हा माणूस हललेलाच नाही" हे मोजा.

जाता जाता एक गोष्ट. मावशींच्या हाताला मुंग्या येत असतील, बोटे बधिर होत असतील किंवा पकड सैल पडली असेल, तर पट्टा, बाम सगळे बाजूला ठेवून त्यांना आधी डॉक्टरांकडे न्या.

बालाघाट (अंबाजोगाई परिसर)

मी स्वतः अकरा वर्षे सेवा केंद्र चालवते. आपण सगळे पाठीबद्दल बोलत आहात, पण आमच्या टेबलावर काय असते ते कोणी पाहिलेले दिसत नाही, म्हणून लिहिते.

गिऱ्हाईक माझ्या डाव्या हाताला उभे असते. त्याचे आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा, पासबुक हे सगळे डावीकडे टेबलावर आडवे पडलेले असते. आधारचे बारा आकडे चार-चारच्या तीन गटांत छापलेले असतात, म्हणून मी चार वाचते, टाइप करते, पुन्हा चार वाचते. म्हणजे एका आधार क्रमांकासाठी मान तीनदा डावीकडे खाली जाते आणि तीनदा परत येते. पासबुकाचा खाते क्रमांक आणि गट क्रमांक धरले तर एका अर्जात असे पंधरा-वीस वेळा होते, आणि हंगामात दिवसाला साठ अर्ज असतात. त्यात मॉनिटरही मी थोडा डावीकडे वळवून ठेवलेला असतो, कारण गिऱ्हाइकाला स्वतःचे नाव स्क्रीनवर पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. आणि शेतात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसा पटकन उमटत नाही, तेव्हा टेबलावर ओणवे होऊन त्यांचा अंगठा मशीनवर आपणच दाबून धरावा लागतो. त्या वेळी पट्टा थरथरला तर मी काय करावे अशी अपेक्षा आहे?

माझी मान दोन वर्षांपूर्वी अशीच धरली होती. मी मॉनिटरखाली भट्टीच्या दोन विटा एकावर एक ठेवल्या, त्यामुळे तो सहा इंच वर आला. मुलाचे परीक्षेचे पॅड मॉनिटरला टेकवून उभे केले आणि कागद त्याच्या चिमट्यात लावू लागले. आता आधार कार्ड स्क्रीनच्या शेजारी, डोळ्यांसमोर असते. दुखणे पूर्ण गेले असे म्हणणार नाही, पण रात्री बाम लावायची वेळ महिन्यातून एखाद्या वेळीच येते. विटांचा भुगा कीबोर्डवर पडतो, ही मात्र कटकट आहे.

जुना टायपिस्ट (परभणी)

वरील ताईंचे वाचून राहवले नाही. टाइपरायटरच्या काळात आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मजकुराचा कागद लावण्यासाठी प्रत्येक मशीनशेजारी लाकडी तिरपे स्टँड असायचे, आणि कागद टेबलावर आडवा ठेवणाऱ्या मुलाच्या पाठीत सर फूटपट्टी मारायचे. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजायची, मग डाव्या हाताने कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, परत सरकवायची, पान संपले की कार्बनसह नवे पान घालायचे. दर ओळीला हात आणि खांदा हलत असे. संगणक आल्यावर घंटीही गेली, कॅरेजही गेले आणि कुठल्याशा आवराआवरीत ते स्टँडही भंगारात गेले. मिनिटाला ३० शब्दांच्या टायपिंग परीक्षेची तयारी करणारी आजची मुले कागद मांडीजवळ ठेवून टाइप करताना पाहिली की मला त्या फूटपट्टीची आठवण येते.

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सेन्सरशी संबंधित काम करतो, म्हणून आता यंत्राविषयी.

एमपीयू-६०५० मधला प्रवेगमापक गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून कोन काढतो. त्यामुळे पुढे-मागे किंवा कुशीकडे झालेला झुकाव त्याला चांगला कळतो, परंतु मान किंवा धड उभ्या अक्षाभोवती डावीकडे-उजवीकडे वळले तर गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते आणि म्हणून सेन्सरलाही काहीच दिसत नाही. अंबाजोगाईच्या ताईंनी जे वर्णन केले आहे, त्यात मान नेमकी याच अक्षाभोवती वळते. त्यातला जायरोस्कोप वळण मोजू शकतो, पण त्याची चूक मिनिटागणिक साठत जाते. त्यावर उपाय म्हणून चुंबकीय होकायंत्र जोडाल, तर लोखंडी टेबल आणि कपाटाच्या शेजारी ते भलतीच दिशा दाखवेल. शिवाय सेन्सर तुम्ही पाठीवर लावला आहे आणि दुखते आहे मान.

एकाच सेन्सरची आणखी एक अडचण आहे. माणूस कमरेतून सरळ रेषेत पुढे झुकला काय किंवा मधोमध पोक काढून बसला काय, त्या एका जागेवरचा कोन सारखाच येऊ शकतो. पाठीचा बाक मोजायचा तर एक सेन्सर मानेच्या मुळाशी आणि दुसरा कमरेपाशी लावून दोन्ही कोनांतला फरक घ्यावा लागेल. मग खर्च वाढणार, वायर वाढणार, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, घामाने भिजलेल्या पाठीवर दोन-दोन पट्टे कोण बांधून घेणार?

वेबकॅमचे म्हणाल, तर गूगलचे मीडियापाइप हे मोफत साधन शरीरावरचे ३३ बिंदू ओळखते आणि खांदा-कान यांची रेषा त्यातून काढता येते. पण समोरच्या कॅमेऱ्याला मान किती पुढे आली हे नीट कळत नाही, त्यासाठी कॅमेरा बाजूला हवा. सेवा केंद्रातला जुना संगणक पोर्टल उघडतानाच धापा टाकतो, त्यावर हे ओझे नको. आणि त्या कॅमेऱ्यात गिऱ्हाईक आणि त्याचे आधार कार्डही येणार, हे विसरू नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

याउलट "हलला की नाही" एवढेच ओळखायचे असेल, तर पट्टाही नको आणि कॅमेराही नको. खुर्चीच्या गादीखाली दाब ओळखणारा एक साधा सेन्सर पुरेसा आहे. ते तुम्ही एका रविवारात कराल.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

पेटंटबद्दल: पाठीला लावून थरथरणारी उपकरणे जगाच्या बाजारात बरीच वर्षे आहेत, 'अपराइट गो' हे त्यांतले एक परिचित नाव. त्यामुळे मूळ कल्पनेवर पेटंट मिळण्याची आशा धरू नका. आणि जे आधीच सर्वांना माहीत आहे ते कोणी चोरेल, ही भीतीही धरू नका. खरोखर नवे काही सुचले, तर ते असे उघडपणे लिहिण्याआधी पेटंटसाठी तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज करावा. त्यानंतर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात.

"मानदुखी बरी होते" असा दावा केलात, तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांचा प्रश्न उभा राहतो. "कागद डोळ्यांसमोर राहतो" एवढेच म्हटलेत, तर ते स्टेशनरीचे सामान आहे. एका वाक्याने परवाना, तपासणी आणि खर्च यांचे सगळे गणित बदलते, म्हणून ते वाक्य फार जपून लिहा.

पैशांसाठी इकडे मॅजिक हे इन्क्युबेशन केंद्र, म्हणजे नव्या उद्योगांना उभे राहायला मदत करणारी संस्था, आहे. केंद्र सरकारच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या सीड फंड (सुरुवातीच्या भांडवलाच्या) योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद होती आणि अर्ज अशाच मान्यताप्राप्त केंद्रामार्फत होत असे. पण तिथे गेल्यावर पहिला प्रश्न "किती जणांनी पैसे देऊन घेतले?" हाच येईल, आणि आज तुमचे उत्तर शून्य आहे. अनुदानाच्या मागे सहा महिने घालवण्यापेक्षा आधी दहा जणांना काहीतरी विका. मावशी त्यात धरू नका.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिले नाही, कारण औशाला जाऊन आलो. मावशीच्या हाताला मुंग्या येत नाहीत, पकडही चांगली आहे, तरी डॉक्टरांना दाखवून घेतले.

या वेळी पट्टा न नेता मेजर टेप नेला. टेबल ३० इंच उंच आहे आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक १७ इंचांवर. मावशीची उंची पाच फुटांच्या आत, त्यामुळे कीबोर्डवर हात ठेवायचा तर तिला खांदे उचलून धरावे लागतात. मी पट्टा बांधला तेव्हा हे माझ्या डोळ्यांसमोरच होते आणि मला दिसले नाही, याची लाज वाटली. खुर्चीवर जाड उशी ठेवली तर हात बरोबर आले, पण पाय लोंबकळू लागले, म्हणून पायांखाली तेलाचा रिकामा डबा आडवा ठेवला. कागद डावीकडे आडवेच होते. ते परीक्षेच्या पॅडवर लावून दिल्यावर तिने पहिले दोन अर्ज कुरकुरत भरले आणि तिसऱ्या अर्जापासून बोलणे बंद केले.

आता विचार असा आहे की पट्टा बाजूला ठेवावा आणि एकच लाकडी संच करावा: मॉनिटरखाली ठेवायचा ठोकळा, त्याच्याच कडेला वर-खाली सरकणारा चिमट्याचा कागद-स्टँड आणि पायांखालचा तिरपा पाट. ओळखीचे सुतार प्लायवूडमध्ये सहाशे रुपयांत करून द्यायला तयार आहेत. गादीखालचा सेन्सर नंतर पाहू. मात्र एकट्या मावशीच्या मापावरून दहा संच करणे धोक्याचे वाटते, म्हणून पुढच्या आठवड्यात निदान सहा केंद्रांत जाऊन टेबल, खुर्ची आणि बसणाऱ्याची मापे घेणार आहे. बालाघाट ताई, आपल्या केंद्रावर सोमवारी आलो तर चालेल का?

बालाघाट (अंबाजोगाई परिसर)

सोमवारी आमच्याकडे आठवडी बाजार असतो, तुम्हाला टेप सोडायलाही जागा मिळणार नाही. बुधवारी दुपारी तीननंतर या, तेव्हा सर्व्हर बहुधा बंदच असतो. आणि त्या ठोकळ्याला मागून वायर जायला भोक ठेवायला सांगा, माझ्या विटांना ते नाही.