पक्षी आणि हरीण एकाच फेरीत : बंदूक कोणती घ्यावी?

माळरान

शिकारीला कायद्याने मुभा असलेल्या भागात फेझंट-तित्तर आणि रो जातीचं लहान हरीण (साधारण २५ किलो) या दोन्हींचा परवाना एकाच दिवसासाठी आहे. खांद्यावर एकच बंदूक न्यायची आहे. झाडी दाट आहे, पण मधूनमधून मोकळी कुरणं लागतात आणि तिथे हरीण १०० मीटरवरही उभं दिसतं. डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत : बारा बोअरची दुनळी, पंप (नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची बंदूक), किंवा छर्र्याची आणि रायफलची नळी एकत्र असलेली बंदूक. एका नळीत छर्रे आणि दुसरीत गोळी भरून फिरलं तर चालतं का? की एस. जी.च्या (मोठ्या दाण्याच्या छर्र्यांच्या) काडतुसावर दोन्ही कामं भागतील?

बारबोअर

एस. जी. आधी डोक्यातून काढा. पक्ष्यासाठी ते निरुपयोगी आणि हरणासाठी बेभरवशाचं. दाणा ८.४ मिमीचा, साध्या काडतुसात असे जेमतेम ८-९ दाणे. चोक (तोंडाशी नळी किंचित अरुंद केलेली असते तो भाग) नसलेल्या नळीतून छर्रे मीटरमागे अडीच सेंमीच्या हिशेबाने पसरतात, म्हणजे ३० मीटरवर पाऊण मीटर. एवढ्या लहान हरणाचं वर्म १५ सेंमीच्या आसपास. त्यात एखाददुसरा दाणा लागतो, बाकीचे पोटात नाहीतर पायात. जनावर जखमी होऊन झाडीत शिरतं आणि तिथेच कुजतं. जर्मनीसारख्या देशांत खूरवाल्या जनावरावर छर्रे चालवायला कायद्यानेच बंदी आहे, ती याच कारणासाठी. तुमच्या परवान्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा.

तुमचं हरीण बहुतेक वेळा ५० मीटरच्या आत मिळणार असेल तर दोन चापांची दुनळी घ्या. एकाच चापाची नको. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. कुठलं काडतूस उडवायचं ते बोटच ठरवतं, नळी निवडायचा खटका शोधत बसावं लागत नाही. उजव्या नळीचा चोक सहसा मोकळा असतो, गोळी तिथेच भरा. फॉस्टर किंवा ब्रेनेके पद्धतीची, गुळगुळीत नळीसाठी बनवलेली २८ ग्रॅमची गोळी घ्या. सॅबोटची (प्लास्टिकच्या कवचात बसवलेली बारीक) गोळी घेऊ नका. तिला फिरकी लागते, आणि ती फक्त आतून पिळाच्या खाचा असलेल्या नळीत मिळते. गुळगुळीत नळीत तिचा नेम टिकत नाही. डाव्या नळीत फेझंटसाठी २.७ मिमीच्या आसपासचे छर्रे, ३० ते ३२ ग्रॅम. नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा : ब्रिटिश ६ नंबर २.६ मिमीचा, तर अमेरिकन ६ नंबर २.८ मिमीचा.

निघण्याआधी गोळी कागदावर उडवून बघायलाच हवी. दुनळीच्या नळ्या छर्र्यांसाठी जुळवलेल्या असतात, त्यामुळे गोळी मक्खीच्या (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) रेषेत जाईलच असं नाही. ५० मीटरवर ती १५-२० सेंमी बाजूला गेली तरी नवल नाही. टेकू लावून ५० मीटरवर किमान तीन गोळ्या मारा. तिन्ही तळहाताएवढ्या जागेत येत नसतील तर अंतर ३५ मीटरवर आणा, नाहीतर दुसऱ्या बनावटीची गोळी लावून बघा. सगळ्याच गोळ्या वर लागत असतील तर दोष बहुधा गालाचा असतो. पक्ष्यावर आपण डोकं किंचित वर ठेवून बंदूक फिरवतो, तीच सवय इथे नडते. गाल दस्त्यावर घट्ट दाबा.

खाचनळी

१०० मीटरचं कुरण असेल तर वरचा सल्ला अपुरा पडतो. बारा बोअरची गोळी नळीतून साधारण ४८० मीटर/सेकंद वेगाने निघते, पण तिचा आकार बोजड, त्यामुळे वेग झपाट्याने ओसरतो. ५० मीटरवर नेम बसवलेली गोळी १०० मीटरवर १५ ते २० सेंमी खाली पडते. लहान हरणावर हा फरक परवडत नाही.

अशा मिश्र शिकारीसाठीच जर्मनी-ऑस्ट्रियात ड्रिलिंग घडली : वर छर्र्यांच्या दोन नळ्या, खाली रायफलची एक. दोन नळ्यांचीही मिळते, एक छर्र्याची आणि एक रायफलची. रायफलचं काडतूस बुडाला कड असलेलं घ्या, ७×५७ आर किंवा ६.५×५७ आर. मोडणीच्या (बिजागरीवर मोडून उघडणाऱ्या) बंदुकीत कड असली की काडतूस बाहेर यायला अडत नाही. ड्रिलिंगचा खटका पुढे सरकवला की पुढचा चाप रायफलचा होतो आणि बहुतेक बनावटींत मागची साइट आपोआप उभी राहते. ती उभी आहे का एवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची सवय लावा. खटका पुढेच राहिला आणि पक्षी उडाला, तर रायफलची गोळी आकाशात जाते. ही या बंदुकीतली सगळ्यात घातक चूक.

दुसरी अडचण उष्णतेची. नळ्या एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या असतात. रायफलची नळी लागोपाठ तीनचार वेळा उडवली की ती तापून लांबते, बाकीच्या थंड राहतात, मग नेम सरकतो. म्हणून साइट थंड नळीवर जुळवायची, दोन गोळ्यांमध्ये पाच-दहा मिनिटं थांबून. दुर्बीण १ ते ४ पटीची, झटकन निघणाऱ्या पकडीवर. पक्ष्यासाठी ती काढून खिशात.

माळरान

मग पंप पूर्ण बाद? तो हाताशी आहे म्हणून विचारतोय.

पाणथळ

बाद नाही, पण या कामात तो तिसराच. मॅगझिनमध्ये छर्रे भरलेत आणि समोर हरीण आलं, तर चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामा करून खिडकीतून गोळी घालावी लागते, आणि त्या खडखडाटाने हरीण पसार. साध्या दुनळीत बंदूक हलक्या हाताने मोडून एकच काडतूस बदलता येतं. इजेक्टर (उडालेलं काडतूस बाहेर फेकणारी कळ) असला तरी न उडालेलं काडतूस तो बाहेर फेकत नाही, फक्त वर उचलतो. खाचांच्या नळीचा पंप तर पक्ष्याला नकोच. नळी छर्र्यांनाही फिरकी देते, मग मधे भोक पडून कडेने कडं तयार होतं आणि पक्षी त्या भोकातून सुटतो. यादीत पाणपक्षी असतील तर वेगळे नियम बघा : अमेरिकेत १९९१ पासून त्यांच्यावर शिशाचे छर्रे बंद आहेत आणि स्थलांतरित पक्ष्यांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसतील असा प्लग (मॅगझिनमधला अडसर) लागतो.

बंदूक कुठलीही असो, गोळ्या डाव्या खिशात, छर्रे उजव्या, आणि वीस बोअरचं (बारापेक्षा बारीक) एकही काडतूस त्या जॅकेटमध्ये नको. ते बारा बोअरच्या नळीत चेंबरच्या पुढे सरकून अडकतं. नळी रिकामी वाटते, मागे बाराचं काडतूस बसतं आणि चाप ओढला की नळी फुटते. वीसचं काडतूस पिवळं ठेवण्याची पद्धत याचसाठी आहे.

बारबोअर

मूळ प्रश्नातला एक भाग राहिला. एका नळीत गोळी आणि दुसरीत छर्रे हे वर सांगितलं ते एका जागी बसून वाट बघताना; दोन्ही प्रकार एकाच वेळी भरून पक्ष्यांमागे चालू नका. छर्रा किती लांब जातो त्याचा ढोबळ हिशेब मिलिमीटर गुणिले शंभर, म्हणजे २.७ मिमीचा छर्रा २७० मीटरपर्यंत. वर मारलेली बारा बोअरची गोळी किलोमीटरभर जाते, आणि दचकून उठलेल्या फेझंटवर चुकीचा चाप ओढला जाणं अगदी सहज घडतं. तेव्हा क्रम लावा. पहाटे कुरणाच्या कडेला बसायचं, गोळी भरलेली, हरणामागे मातीचा उतार असेल तरच बार. ऊन चढलं की गोळी काढून खिशात टाका, दोन्ही नळ्यांत छर्रे भरा आणि मग झाडी झोडपायला निघा. पक्ष्यांवर पहिला बार झाला की जवळपासची हरणं तशीही दूर जातात, त्यामुळे उलट क्रमाने काही हाती लागत नाही.