डायलॉगरिझल्ट डिझायनरमध्ये बटणाला चिकटवू नका, कोडमधूनच द्या

खटपट्या:
मंडळी, विनफॉर्म्सवर (विंडोजच्या प्रोग्रामच्या खिडक्या, म्हणजे फॉर्म, बनवायची मायक्रोसॉफ्टची जुनी पद्धत) अजून काम करणारे इथे बरेच आहेत म्हणून हा विषय काढतोय. माझ्याकडे पतसंस्थांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळायला आहे, सी शार्पमधलं, जुनं, बऱ्याच हातांतून गेलेलं. परवा एका शाखेतून तक्रार आली की एकाच खातेदाराची पावती दोनदा पडतेय. कॅशियर मॅडम पावती भरतात, सेव्ह दाबतात, खिडकी बंद होते, मागच्या यादीत पावती काही दिसत नाही, मग त्यांना वाटतं सेव्ह झालीच नाही आणि त्या परत भरतात. डेटाबेसमध्ये बघावं तर दोन्ही पावत्या जागेवर.

सेव्हचा कोड बरोबर होता, यादी रिफ्रेश करणारा कोडही बरोबर होता. झालं असं होतं की कोणीतरी कॅन्सलचं बटण कॉपी-पेस्ट करून त्याचं सेव्हचं बटण केलं, नाव बदललं, त्यावरचा मजकूर बदलला, क्लिक इव्हेंट जोडला, पण प्रॉपर्टीजमध्ये डायलॉगरिझल्ट (खिडकी बंद होताना मागच्या फॉर्मला जाणारं उत्तर) कॅन्सलच राहिलं. म्हणजे पावती सेव्ह होऊन शोडायलॉगने (खिडकी उघडून उत्तराची वाट बघणारं फंक्शन) मागच्या फॉर्मला कॅन्सल परत केलं, आणि मागचा फॉर्म बिचारा ओके आलं तरच रिफ्रेश करणारा. कोड कितीही वाचा, ही चूक डोळ्यांना दिसणारच नाही, कारण ती डिझायनरच्या (बटणं माउसने मांडायचं साधन) फाइलमध्ये आहे आणि ती फाइल रिव्ह्यूला कोणी उघडत नाही.

म्हणून माझं ठाम मत: बटणाची डायलॉगरिझल्ट प्रॉपर्टी कायम नन, म्हणजे रिकामी, ठेवा. क्लिकच्या हँडलरमध्ये आधी तपासणी, मग सेव्ह, आणि सगळं नीट पार पडलं की शेवटच्या ओळीत धिस डॉट डायलॉगरिझल्ट बरोबर ओके. फॉर्म आपोआप बंद होतो, वेगळं क्लोज लिहायचीही गरज नाही.

अण्णा_कोडवाले:
साफ असहमत. ही प्रॉपर्टी दिलीय ती वापरायलाच. एका माणसाने बटण कॉपी करताना प्रॉपर्टी बघितली नाही म्हणून सगळ्यांनी हाताने लिहायचं? हाताने लिहिलेल्या कोडमध्ये मी याच्या दुप्पट गोंधळ बघितलेत. सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे हँडलरच्या शेवटी नुसतं धिस डॉट क्लोज. मोडल फॉर्म (बंद होईपर्यंत मागच्या फॉर्मला हात लावू न देणारा) रिझल्ट न देता क्लोज केला की फ्रेमवर्क स्वतःहून कॅन्सल देतं, वरच्या कोपऱ्यातली फुली दाबल्यावर मिळतं तेच. म्हणजे तुमच्या कॅशियर मॅडमना जो त्रास झाला तोच कोडमधूनही होतो, उलट जास्त वेळा होतो.

दुसरं, तपासणीत चूक निघाली तर फॉर्म उघडा ठेवायचा हे प्रॉपर्टी वापरूनही होतं. बटण दाबलं की आधी फॉर्मचा डायलॉगरिझल्ट भरला जातो आणि मग आपला क्लिक हँडलर चालतो, हा क्रम लक्षात ठेवा. हँडलरमध्ये रक्कम शून्य निघाली की डायलॉगरिझल्ट परत नन करा आणि रिटर्न व्हा, खिडकी हलत नाही. किंवा फॉर्मक्लोजिंगमध्ये (फॉर्म बंद होण्याआधी येणारा इव्हेंट) बघा, रिझल्ट ओके आहे आणि डेटा चुकीचा आहे तर ई डॉट कॅन्सल ट्रू, म्हणजे बंद होणं रद्द. मग फ्रेमवर्क स्वतःच रिझल्ट नन करतं. मला हीच पद्धत जास्त आवडते कारण बटण कुठलंही असो, बाहेर जायचा दरवाजा एकच राहतो.

सेमीकोलन_ताई:
अण्णा, क्रमाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण त्याच क्रमामुळे मी खटपट्यांच्या बाजूने आहे. आता सगळे सेव्हचे हँडलर असिंक झालेत ना, म्हणजे लांबलेल्या कामाला अवेट लावायचं आणि ते होईपर्यंत खिडकी अडवून न ठेवता कंट्रोल परत द्यायचा. बटणाला ओके लावलंय आणि हँडलरमध्ये अवेट आहे अशी कल्पना करा. बटण दाबलं, रिझल्ट ओके झाला, हँडलर सुरू झाला, पहिल्या अवेटला पोचला आणि तिथूनच कंट्रोल परत गेला. फ्रेमवर्कच्या दृष्टीने हँडलर संपला, रिझल्ट ओके आहे, म्हणजे खिडकी बंद. सेव्ह अजून सर्व्हरवर चाललंय आणि मागच्या फॉर्मला ओके मिळून त्याने यादी रिफ्रेशही केली, आणि त्या यादीत नवीन नोंद असेल का नसेल हे नेटवर्कच्या वेगावर! ऑफिसातल्या मशीनवर सगळं चालतं आणि शाखेत चालत नाही असे बग इथूनच येतात. आणि अवेटनंतर सर्व्हरने एरर दिली तर नन करून काय उपयोग, खिडकी केव्हाच गेलीय.

रिझल्ट शेवटच्या ओळीत द्यायची सवय असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

अण्णा_कोडवाले:
ताई, मुद्दा मान्य, पण उपाय एका ओळीचा आहे. अवेटच्या आधी, अगदी पहिल्या ओळीत नन करा आणि शेवटी ओके द्या.

सेमीकोलन_ताई:
मग प्रॉपर्टीत ओके लिहून मिळवलं काय? पहिल्या ओळीत पुसायचं आणि शेवटच्या ओळीत परत लिहायचं. नवीन आलेला पोरगा ती पहिली ओळ बघून म्हणणार ही कशाला, आणि काढून टाकणार.

रात्रपाळी:
मी क्यूटीवाला आहे (खिडक्या बनवायची दुसरी लायब्ररी), सी प्लस प्लस आणि पायथन दोन्ही. तुमचं भांडण वाचून एक सांगावंसं वाटतं की रिझल्ट कुठे लिहायचा यापेक्षा तो मागच्या बाजूला कसा वाचता हे बघा. आमच्याकडे क्यूडायलॉगचं एक्झेक (तुमच्या शोडायलॉगसारखं) अॅक्सेप्टेड म्हणजे १ किंवा रिजेक्टेड म्हणजे ० देतं. पण क्यूमेसेजबॉक्सचं एक्झेक बटणाचा आकडा देतं, येसला १६३८४ आणि नोला ६५५३६. आता कोणी सवयीने इफमध्ये नुसतं एक्झेक लिहिलं तर हो दाबा नाहीतर नाही दाबा, अट खरीच ठरते. आणि अॅक्सेप्टेडशी तुलना केली तर कधीच खरी ठरत नाही. दोन्ही प्रकार चालू सॉफ्टवेअरमध्ये बघितलेत, पहिला तर रेकॉर्ड डिलीट करायच्या बटणावर होता.

खटपट्या:
रात्रपाळी, हे व्हीबीतही (व्हिज्युअल बेसिक) होतं. इफ एमएसजीबॉक्स देन असं लिहिलं की येस ६ आणि नो ७, दोन्ही शून्य नाहीत म्हणून दोन्ही ट्रू. जुन्या व्हीबी ६ च्या कोडमधून सी शार्पमध्ये आलेल्यांना निदान कंपायलर तरी अडवतो, तिथे डायलॉगरिझल्टचं आपोआप बूलियन होत नाही.

मिनिमाइज्ड:
डब्ल्यूपीएफमध्ये (विनफॉर्म्सनंतर आलेली मायक्रोसॉफ्टची पद्धत) अजून एक. तिथे शोडायलॉग नलेबल बूल, म्हणजे ट्रू, फॉल्स किंवा रिकामं, देतं, म्हणून नुसतं इफमध्ये टाकलं तर कंपाइलच होत नाही, बरोबर ट्रू असं लिहावंच लागतं. माझ्या मते हे उत्तमच आहे, माणसाला विचार करायला लावतं. पण तिथे डायलॉगरिझल्ट ही बटणाची प्रॉपर्टीच नाही, विंडोची आहे, आणि ती कोडमधूनच द्यावी लागते. बटणाला इझडिफॉल्ट दिलं तरी एंटरने फक्त क्लिक होतो, खिडकी बंद होत नाही. इझकॅन्सल दिलेलं बटण मात्र आपणहून बंद करून फॉल्स देतं. म्हणजे होकार माणसाने लिहून द्यायचा आणि नकार आपोआप, ही विभागणी मला योग्य वाटते आणि ती खटपट्यांच्या मताला धरून आहे. एक सावधगिरी, तीच विंडो कुठे शोने (उत्तराची वाट न बघता उघडणाऱ्या) उघडली आणि आत डायलॉगरिझल्ट दिला तर एक्सेप्शन फेकते.

अण्णा_कोडवाले:
ही विभागणी विनफॉर्म्समध्येही थोडी आहे की. फॉर्मच्या कॅन्सलबटणमध्ये एखादं बटण नेमलं आणि त्याचा रिझल्ट नन असला तर फ्रेमवर्क त्याला कॅन्सल लावतं, अॅक्सेप्टबटणला मात्र काहीच लावत नाही.

पण माझं म्हणणं मी सोडत नाही. माझे बहुतेक डायलॉग साधे असतात, तारीख निवडा, शाखा निवडा, प्रिंटर निवडा. तिथे ना अवेट ना सेव्ह. माझा नियम असा की डायलॉगने डेटाबेसला हातच लावायचा नाही. त्याने फक्त माहिती गोळा करायची, आपल्या प्रॉपर्टीत ठेवायची आणि ओके म्हणून निघून जायचं, सेव्ह करायचं ते मागच्या फॉर्मने. मग पावतीसारखा प्रकार होऊच शकत नाही, कारण कॅन्सल आलं तर सेव्हही झालेलं नसतं. खटपट्या, तुमच्या पावतीच्या फॉर्मचं खरं दुखणं तिथे आहे. सेव्ह एकीकडे आणि त्याची खबर दुसरीकडे, म्हणून दोघांत तफावत पडली. बटणाची प्रॉपर्टी फक्त निमित्त झाली.

खटपट्या:
अण्णा, हे तत्त्व म्हणून पटतं, पण पावतीला ते चालत नाही. सेव्ह करताना सर्व्हरने सांगितलं की खातं गोठवलेलं आहे, तर कॅशियरने भरलेली माहिती समोर तशीच राहायला हवी, त्यात दुरुस्ती करून परत सेव्ह दाबता आलं पाहिजे. डायलॉग आधीच बंद झाला तर सगळं पहिल्यापासून भरायचं? रांगेत माणसं उभी असतात, काउंटरवर हे फार महाग पडतं. म्हणून असल्या फॉर्ममध्ये सेव्ह आतच राहणार आणि रिझल्ट सेव्हनंतरच द्यावा लागणार.

रात्रपाळी:
आणि सेव्ह चालू असताना कोणी फुली दाबली तर? मागच्या फॉर्मला कॅन्सल, सेव्ह मात्र पूर्ण. परत तीच पावती.

सेमीकोलन_ताई:
बरोबर, म्हणून अवेटच्या आधी बटणं डिसेबल आणि एक सेव्हिंग नावाचा फ्लॅग, फॉर्मक्लोजिंगमध्ये फ्लॅग चालू असेल तर ई डॉट कॅन्सल ट्रू. आणि फ्लॅग फायनलीमध्ये (एरर आली तरी चालणारा भाग) बंद करा, नाहीतर एक एरर आली की खिडकी कायमची अडकते. शेवटचा ओके फ्लॅग बंद झाल्यावरच द्यायचा, तो आधी दिला आणि मध्ये एखादा अवेट आला तर तुमचंच फॉर्मक्लोजिंग तुम्हाला अडवेल आणि रिझल्ट परत नन होईल. हे शोधायला फार त्रास होतो, कारण डीबगरमध्ये ओके दिलेली ओळ चाललेली स्पष्ट दिसते.

रात्रपाळी:
एवढं सगळं करावं लागतं म्हणूनच क्यूटीचे डॉक्स एक्झेक टाळा आणि ओपन वापरा असं सांगतात. एक्झेक आत दुसरा इव्हेंट लूप (क्लिक, कीबोर्ड वगैरे घटना हाताळणारं चक्र) फिरवतं, तो चालू असताना पॅरेंट डिलीट झाला तर प्रोग्राम कोसळतो. ओपन लगेच परत येतं आणि उत्तर नंतर फिनिश्ड सिग्नलमधून (खिडकी बंद झाल्याची सूचना) मिळतं. परतीची किंमतच नाही, तर ती चुकीची वाचायचा प्रश्नच नाही.

अण्णा_कोडवाले:
इथे मात्र मी आणि खटपट्या एका बाजूला असू. हो की नाही विचारलं आणि पुढच्या ओळीत उत्तर वापरलं, हे वाचायला जितकं सरळ आहे तितकं सिग्नलचं नाही. कोड दहा वर्षांनी दुसऱ्याने वाचायचाय.

खटपट्या:
त्यावर पूर्ण सहमत. मी तूर्त एवढं केलंय की डिझायनरच्या सगळ्या फाइल्समध्ये डायलॉगरिझल्ट शोधून जिथे बटणाचं नाव सेव्ह किंवा ओके आहे आणि रिझल्ट कॅन्सल आहे अशा जागांची यादी काढली. अजून तीन फॉर्म निघाले, त्यात एक कर्जाच्या हप्त्याचा. अण्णा, निवडीच्या साध्या डायलॉगना तुमची प्रॉपर्टी राहू देतो. सेव्ह करणारा एकही फॉर्म मात्र तसा ठेवणार नाही.

अण्णा_कोडवाले:
चालेल. हप्त्याचा आधी घ्या, आणि जुन्या दुहेरी नोंदी शोधायला खातं, रक्कम आणि काही मिनिटांच्या अंतरातली वेळ यावर क्वेरी लावा. नुसत्या तारखेवर लावलीत तर दिवसातून खरंच दोनदा भरणारेही त्यात येतील.