लाइट दहा मिनिटं जाते, पाणी चार तास उशिरा का?

गच्चीवरची_टाकी
आमचं गाव तालुक्याचं, देशावरचं. पाणी चौदा किलोमीटरवरच्या नदीकाठच्या जॅकवेलमधून, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीतून येतं, दिवसाआड, सकाळी सहाला. अधूनमधून ग्रुपवर मेसेज पडतो: "जॅकवेलवरील विद्युतपुरवठा खंडित झाल्याने पाणीपुरवठा उशिराने व कमी दाबाने होईल, सहकार्य करावे." चौकशी केली की कळतं, लाइट जेमतेम दहा मिनिटं गेली होती. पाणी मात्र साडेदहाला. पंपाचं बटण दाबायला चार तास लागतात का? आणि जनरेटर का ठेवत नाहीत? माहीतगारांनी सांगावं. राजकारण नको, ते टपरीवर होतंच.

बादली_नंबर_सात
व्हॉल्वमनला चहा पाजा, सहाला येईल.

जुना_ऑपरेटर
चहा व्हॉल्वमन पितो, पंप पीत नाही.

मी अशाच एका योजनेच्या हेडवर्क्सवर, म्हणजे नदीकाठच्या पंपघरावर नोकरी काढली, आता घरी बसून असतो. लांबण लागली तर चालवून घ्या.

तुमची लाइन ६०० मिमीची धरू. चौदा किलोमीटरमध्ये जवळपास ४० लाख लिटर पाणी मावतं, म्हणजे ४००० टन. पंप चालू असताना हे सगळं धूड सेकंदाला मीटरभर वेगानं चढणीला चाललेलं असतं. लाइट गेली की पंप काही सेकंदांत बसतो, पण पाणी थांबत नाही. ते तसंच पुढं जातं, मागं दाब पडतो, आणि एखाद्या टेकाडाच्या माथ्यावर तर पाणी तुटून मधे पोकळी होते. मग तेच पाणी उलटं फिरून येतं आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर, म्हणजे पाणी मागं येऊ न देणाऱ्या झडपेवर आदळतं. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटरचा वेग एकदम अडला तर चौरस सेंटिमीटरला दहा किलोच्या आसपास जादा दाब उसळतो, आधीचा असेल त्याच्यावर. रात्री तो ठोका बसला की आमच्या क्वार्टरमधली मांडणीवरची भांडी वाजायची. बायको म्हणायची, "गेली वाटतं लाइट." दिवे बंद होते म्हणून नव्हे, ठोक्यावरून.

म्हणून लाइट आली की लगेच स्टार्टर मारत नाहीत. दाबाच्या गेजचा काटा हेलकावे खात असतो, तो एका जागी बसू द्यायचा. पंप उलटा फिरत नाही ना हे पंप-मोटर जोडणाऱ्या कपलिंगकडे बघून ठरवायचं, कारण उलट्या फिरणाऱ्याला सुलटा झटका दिला तर शाफ्ट पिळवटतो. तिन्ही फेजचं व्होल्टेज बघायचं. आलेली लाइट पाच मिनिटांत परत जाते, ही खोड जुनी आहे. उभ्या टर्बाइन पंपाच्या बेअरिंगांना वरून पाणी सोडायचं. मग डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून लाइनीत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंदच्या बेतात ठेवून पहिला पंप सुरू करायचा, आणि अँपिअरवर डोळा ठेवून व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. लाइनीतली हवा एअर व्हॉल्व्हमधून फुसफुसत निघून जाईपर्यंत दुसऱ्या पंपाला हात लावायचा नाही. घाई केली की कुणाच्या तरी उसात कारंजं उडतं, मग चार तास विसरा, दोन दिवस धरा.

इथवर तास-दीड तास गेला. पुढचं पाणी काही थेट तुमच्या नळाला येत नाही. शुद्धीकरण केंद्रात तुरटीचा डोस पुन्हा बसवायचा, क्लोरीनला निदान अर्धा तास द्यायचा, मग तिथले दुसरे पंप ते उंच टाकीत चढवणार. टाकी नीट भरल्याशिवाय व्हॉल्वमन चावी फिरवत नाही. फिरवली तर खालच्या आळीला धो धो आणि तुमच्या नळाला नुसती हवा. त्यात तुमच्या आधीच्या झोनची वेळ सरकलेली असते, ती तुमच्या अंगावर येते.

जनरेटरचं म्हणाल तर हिशोब करा. हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला पंप-मोटरमधली घट धरून सुमारे ०.४ युनिट लागतं. ऐकायला किरकोळ. पण तुमच्या लाइनीतून तासाला दहा लाख लिटर जातं. घर्षण धरून दोन पंप मिळून सहाशे एचपी होतात. एवढ्याला जनरेटर म्हणजे तासाला शंभर-सव्वाशे लिटर डिझेल. पाणीपट्टी वाढवू म्हटलं तर पहिला मोर्चा तुम्हीच काढाल.

गच्चीवरची_टाकी
मोर्चाचं खरं आहे. मग पंप गावातच ठेवून पाणी ओढून का घेत नाहीत? लाइट गेली तरी माणसं हाताशी राहतील.

जुना_ऑपरेटर
पंप पाणी ओढत नाही, ढकलतो. पंपाच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत लोटते. हवेचा जोर समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर पाण्याएवढा, तुमच्या-आमच्या ६०० मीटर उंचीवर साडेनऊच्या आसपास. त्यातही सहा-सात मीटरच्या पुढे गेलात की पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन इंपेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकावर फुटतात. पंपात खडी टाकल्यासारखा आवाज येतो आणि काही महिन्यांत इंपेलरची चाळण होते. म्हणून जॅकवेल नदीकाठी खोल खणायची, पंप पाण्यात बुडवायचा आणि मोटर पुराच्या रेषेच्या वर ठेवायची. तिथली नोकरी एकलकोंडी असते, पण इलाज नाही.

नाल्याकाठी
आमच्या मागेच मैलापाण्याचं पंपिंग आहे. पंप सतत चालू-बंद होतो, सकाळी वास मारतो. सलग का चालवत नाहीत?

जुना_ऑपरेटर
शेवटी शेवटी मला ड्रेनेजला टाकलं होतं, म्हणून सांगतो. गटाराची लाइन उतारानं वाहते. उतार देत देत ती इतकी खोल जाते की पुढं खणणं परवडत नाही. तिथं विहीर बांधतात आणि पाणी वर उचलून पुन्हा उताराला लावतात. सकाळी सगळं गाव एकदम आंघोळीला, रात्री तीनला जवळजवळ शुकशुकाट. मग पातळी चढली की पंप चालू, उतरली की बंद. विहीर मोठी केली तर चालू-बंद कमी होईल, पण मैला साठून कुजतो. अर्ध्या तासापेक्षा जास्त तो थांबू नये असा दंडक आहे. तुम्हाला येतो तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. त्यात वाईट हे की तो वायू वाढला की नाकच बधिर होतं, वास येणं बंद होतं. "आता वास नाही" म्हणून विहिरीत उतरलेली माणसं वर आलेली नाहीत. २०१३ च्या कायद्यानं माणसाला असं जोखमीच्या सफाईला उतरवायला बंदी आहे, तरी बातम्या येतातच. आणि जाळीला अडकलेलं काय निघतं विचारू नका. साड्या, पॅड, एकदा अख्खी गोधडी.

दादर_तळमजला
आमच्याकडे मुंबईत पावसाचं पाणी उपसायलाही पंपिंग स्टेशनं आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, त्यानंतर या कामाला जोर आला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध. एकेक पंप सेकंदाला ६००० लिटर फेकतो. भरतीला गेट बंद करायचे, नाहीतर समुद्रच नाल्यातून आत येतो. मग आतलं पाणी पंपानंच बाहेर.

जुना_ऑपरेटर
तिथं उंची मोजकी, पाणी अफाट. आमच्याकडे उलटं. त्यामुळे पंपाची जातही वेगळी.

गच्चीवरची_टाकी
पटलं. मग पालिकेत जाऊन नेमकं काय विचारू?

जुना_ऑपरेटर
स्टँडबाय, म्हणजे राखीव पंप खरंच चालतो का ते विचारा. कागदावर तो नेहमीच चालू असतो. लाइनीवरचे एअर व्हॉल्व्ह शेवटचे कधी उघडून बघितले तेही विचारा. पाण्यासाठी त्यांचे नट ढिले करणारे महाभाग वाटेत असतातच. आणि जॅकवेलला एक्स्प्रेस फीडर, म्हणजे फक्त तिच्यासाठीची स्वतंत्र वीजवाहिनी आहे का? असेल, तर त्यावर मधे कुणाकुणाच्या शेतीपंपांना जोड दिलेत, हे जरा आवाज चढवून विचारा.