कोकण सायकल सफर : घड्याळ दम तोडतंय, मदत हवी आहे

मंडळी, डिसेंबरात आम्ही तिघं अलिबागहून गोव्याला सायकलने निघतोय, किनाऱ्याकिनाऱ्याने. आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळ्या फेरीबोटी धरून. अडचण घड्याळाची. जुनं जीपीएस घड्याळ परवा ताम्हिणीच्या चढावर चौथ्या तासालाच मान टाकून बसलं. (बायको म्हणाली, तुझ्याआधी त्यानं टाकली हेच नवल!) २०००० एमएएचची पॉवर बँक आहे, पण चार्जिंगची पिन घड्याळाच्या पोटाशी, मनगटावर असताना लावताच येत नाही.

त्यापेक्षा हँडलवरचा सायकल कॉम्प्युटर (वेग, अंतर दाखवणारं छोटं यंत्र) घ्यावा का? उन्हात नीट दिसणारा, दहा हजारांच्या आतला कुणी वापरलाय?

आणि हो, परतताना मडगावहून सायकल रेल्वे पार्सलने पाठवायची आहे. मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) काढून ठेवता, की नुसता पुठ्ठा गुंडाळून भागतं?