मदत हवी आहे: आजीचा नोकिया १०५ पुन्हा चालू करायचा आहे (इंदूर)

प्रश्न
आजीला टच फोन जमत नाही, म्हणून कपाटातला जुना नोकिया १०५ (२०१३ चं मॉडेल) काढलाय. चार्जरला लावला तर स्क्रीन काळीच. जिओचं नॅनो सिम ॲडॉप्टरमध्ये बसवून टाकायचा विचार आहे. ५ चं बटण नीट लागत नव्हतं. दुरुस्ती परवडेल की नवाच घ्यावा?

मालवा_मेकॅनिक
जिओचं सिम त्यात चालणारच नाही. तो फोन फक्त टूजी आहे आणि जिओचं नेटवर्क फोरजीपासून पुढचं. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल घ्या. एअरटेलचं फोरजी सिमही त्यात टूजीवर चालतं. नंबर तोच हवा असेल तर इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट', एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवा. सिम जिओचं असल्यामुळे हे फोरजी फोनमधूनच करावं लागेल. येणारा कोड चार दिवसच चालतो, तेव्हा दुकानात जायच्या बेतानेच मागवा.

नवं सिम कोरं असतं हे लोक विसरतात. आजीचे नंबर सिमवर असतील तर आधी फोनच्या मेमरीत कॉपी करा.

आणि रिकामं ॲडॉप्टर कधीही आत सरकवू नका. ओढताना सिमच्या पिना त्यात अडकून वाकतात. 'इन्सर्ट सिम' आलं तर दोष पिनांचा किंवा सिमचा. सिम ओळखून नुसता टॉवर नसेल तर दोष नेटवर्कचा. दुकानदार दोन्हीला 'बोर्ड गेला' म्हणू शकतो, भिया, सांभाळून!

जेलरोड_कट्टा
काळ्या स्क्रीनला घाबरू नका. बॅटरी तळाला गेली की फोन आधी अगदी थोड्या करंटवर चार्ज करतो आणि तोवर काहीच दाखवत नाही. अर्धा तास लावून ठेवा. त्याआधी बॅटरी काढून सपाट काचेवर ठेवा आणि बोटाने फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर पोट फुगलंय, ती परत लावू नका. या मॉडेलला बीएल-५सीबी (८०० एमएएच) येते, बीएल-५सीही बसते. जेल रोडला डॉलर मार्केटमध्ये मिळेल. चार्जर बारीक पिनचा, २ मिमीचा. जुना जाड पिनवाला जात नाही.

बटणाचं म्हणाल तर रबराखाली प्रत्येक आकड्याला पत्र्याची छोटी वाटी असते. दाबल्यावर 'टिक' होते पण आकडा उमटत नाही, तर खाली मळ आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन चिकट थर सोडतं. 'टिक'च होत नसेल तर वाटी चपटी झाली. पूर्ण शीट बदलावी लागते. स्क्रू चांदणीच्या आकाराचे असतात, साधा पेचकस घालून डोकी झिजवू नका.

प्रश्नकर्ता
अर्ध्या तासाने चालू झाला! ५ ला टिक येते, म्हणजे मळच. आजीला नुसतं बटण दाबून काकांना फोन लावता यावा, असं काही?

मालवा_मेकॅनिक
स्पीड डायल. २ ते ९ वर एकेक नंबर लावा, मग बटण दाबून धरलं की फोन लागतो. १ सोडा, ते व्हॉइसमेलचं. टॉर्चला होम स्क्रीनवर वर-खाली सरकायच्या बटणाची वरची बाजू पटकन दोनदा दाबा. रेडिओला वायरवाला इअरफोन लागतोच, वायर हीच अँटेना. आवाज मात्र स्पीकरवर घेता येतो.

मेसेजचा डबा रिकामा ठेवा. भरला की नवे ओटीपी बाहेरच अडकतात. मराठीतून पाठवाल तर एका मेसेजमध्ये ७० अक्षरं मावतात, रोमन लिपीत १६०. जास्त झालं की दुसऱ्या मेसेजचे पैसे.

जेलरोड_कट्टा
बॅटरी फुगलेली नव्हती ना? ते नाही लिहिलंत.