सल्ला हवा: पोरसच्या धनुर्धरांची धोतरं खडूसारखी दिसतायत

झेलमकाठ:
मंडळी, झेलमची लढाई (इ.स.पू. ३२६) टेबलावर मांडायची म्हणून १५ मिमीच्या चिमुकल्या शिपायांच्या दोन फौजा, अलेक्झांडरची आणि पोरसची, रंगवायला घेतल्यात. नियम डीबीएचे (जुन्या लढायांचा टेबलावरचा खेळ), म्हणजे प्रत्येक बाजूला १२ बेस (शिपाई चिकटवायच्या पट्ट्या) आणि बेसची रुंदी ४० मिमी. अलेक्झांडरची बाजू पटकन उरकली. ढाली पितळी, अंगरखे लाल-निळे, वरून तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), झाले उभे. पोरसने मात्र घाम फोडलाय.

पांढऱ्या प्रायमरवर पांढराच रंग दिला, तर धोतरं खडूतून कोरल्यासारखी दिसतात. काळा वॉश मारला, तर आठवडाभर न धुतल्यासारखी. अंगाचा तपकिरी रंग उजळायला त्यात पांढरा मिसळला आणि आठही धनुर्धर राख फासलेल्या बैराग्यांसारखे झाले. बेसवर पिवळी वाळू चिकटवली होती, ती वाळवंटासारखी दिसते. हत्तींना अजून हातच लावलेला नाही. कुठून सुरुवात करू? फोटो टाकत नाही, लाज वाटते.

उलटा ब्रश:
पांढऱ्यावर पांढरा दिल्यावर सावली येणार कुठून? पांढरं कापड रंगवताना पांढरा रंग सगळ्यात कमी लागतो.

प्रायमर करडा घ्या. आधी अंग रंगवून संपवा, कपडा नंतर. कपड्याला पहिला हात फिकट खाकीचा, चुण्यांच्या तळापर्यंत. तो पूर्ण वाळला की हस्तिदंती रंग, पण ब्रशच्या टोकाने नाही, कडेने. ब्रश चुणीला आडवा धरून हलकेच ओढला की रंग आपोआप उंचवट्यावर बसतो आणि खाचेत खाकी राहते. शुद्ध पांढरा शेवटी, तोही फक्त खांद्यावरच्या घडीवर आणि गुडघ्यावर ताणलेल्या कापडावर, एकेक रेघ. हाताच्या अंतरावरून तेवढंच दिसतं. १५ मिमीला तीन पायऱ्या पुरतात. चौथीसाठी हात शिवशिवला तर ब्रश धुऊन ठेवा.

अंगासाठी तांबूस तपकिरी, त्यावर तपकिरी वॉश, मग मूळ रंगात चिमूटभर पिवळा ऑकर मिसळून नाक, खांदे, पोटऱ्या उजळा. तपकिरीत पांढरा मिसळला की राखच होते, ते तुम्ही पाहिलंच आहे.

मधली सुट्टी:
+१. काळा वॉश फेकून द्या. (खरंच फेकू नका, साखळी चिलखताला लागतो.)

तळटीप:
गंमत म्हणजे तुमची अडचण नेआर्कसलाही दिसली होती. तो अलेक्झांडरच्या आरमाराचा प्रमुख. त्याच्या आधाराने ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो की हिंदी लोकांचं कापड इतर कुठल्याही कापडाहून पांढरं असतं, किंवा ते स्वतः सावळे असल्यामुळे तसं दिसतं. म्हणजे अंग गडद ठेवलंत तर पांढऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

त्याच उताऱ्यात धनुष्य माणसाच्या उंचीचं असतं आणि ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून ओढतात असं आहे. तुमच्या शिपायांची धनुष्यं कमरेएवढी असतील तर ती कापून तारेची लावा. आणि दाढ्या रंगवायचे: पांढऱ्याशुभ्र, गडद निळ्या, लाल, जांभळ्या, गवती हिरव्यासुद्धा.

हत्तींबरोबर लाकडी बुरूज आले असतील तर लावू नका. या लढाईशी जोडलं जाणारं जे मोठं चांदीचं नाणं आहे (एक प्रत ब्रिटिश म्युझियममध्ये आहे), त्यावर हत्तीच्या उघड्या पाठीवर दोन माणसं बसलेली आहेत. हौदा नाही.

मधली सुट्टी:
हिरव्या दाढ्या? फौज आहे की वरात?

तळटीप:
एका बेसवर एकच करा की. चार जणांत एक निळी दाढी खपून जाते.

झेलमकाठ:
वाखु (वाचनखूण) साठवली. तळटीपकाका, उलटा ब्रश, दोघांनाही दंडवत. आता हत्ती आणि बेस कोणीतरी इस्कटून सांगा.

तिसरी रांग:
बेस आधी ठरवा, हत्ती मग रंगवा. हत्ती ज्या मातीत उभा असतो त्या मातीचा दिसतो.

चकचकीत राखाडी रंग देऊ नका. गडद तपकिरी-करडा पहिला हात, वाळल्यावर फिकट करड्याचा ड्रायब्रश. ब्रश कागदावर पुसून पुसून जवळजवळ कोरडा झाला की मगच हत्तीला लावायचा. कातडीवरच्या सुरकुत्या स्वतःहून वर येतात. हत्तीइतकं ड्रायब्रशला दुसरं काही मानवत नाही. मग कानांच्या कडा आणि सोंडेचं मूळ इथे पातळ गुलाबीसर ठिपके. ठिपके, पट्टे नव्हेत. शेवटी बेसला जो मातीचा रंग दिलाय तोच पायांना गुडघ्यापर्यंत ड्रायब्रश करा. हत्ती बेसवर ठेवलेला न दिसता तिथून चालत आलेला दिसतो.

बेसचं माझं गणित: ३ मिमी एमडीएफ. २ मिमीवर मी एकदा बारा भालाईत बसवले, पीव्हीए गोंद सढळ हाताने ओतला, सकाळी उठून बघतो तर सगळे बेस केळ्याच्या सालीसारखे वळलेले. तेव्हापासून खालच्या बाजूलाही रंगाचा एक हात देतो. पृष्ठभागावर पुट्टी, ती ओली असतानाच बारीक रेती दाबायची. शिपायांच्या पायाखालच्या चकत्या पुट्टीत बुडाल्याच पाहिजेत, नाहीतर प्रत्येक जण नाण्यावर उभा असल्यासारखा दिसतो. गडद तपकिरी, दोन ड्रायब्रश, गवताचे तुरळक झुबके. पावसाळ्यातली लढाई आहे, तेव्हा चिखल करा. डबक्यात चकचकीत वॉर्निशचे दोन-तीन हात.

आणि दोन्ही फौजांना माती एकच. अलेक्झांडरचे बेस पुन्हा करायला लागले तरी करा.

तळटीप:
एक दुरुस्ती. एरियनच्या म्हणण्याप्रमाणे पोरसने मुद्दाम चिखल नसलेली, वाळूची, सपाट आणि घट्ट जागा निवडली, घोडदळाला वळता यावं म्हणून. चिखलात अडकले ते पोरसच्या मुलाबरोबर आधी पुढे गेलेले रथ. रोमन इतिहासकार कर्टियस मात्र मुख्य लढाईतही जमीन निसरडी होती, लांब धनुष्यं टेकवता येईनात, असं सांगतो. म्हणजे झेलमकाठ यांची वाळू अगदीच चुकीची नव्हती, रंग तेवढा चुकला. नदीकाठची ओली वाळू करडी असते.

तिसरी रांग:
मान्य. मग रथांचे बेस चिखलाचे, बाकीचे करड्या वाळूचे. खाली तपकिरी तोच ठेवला की फौज एकच दिसेल.

अवांतर: अलेक्झांडरच्या भालाईतांचे भाले आडवे लावलेत का? सरिसा (त्यांचा लांब भाला) पाच-सहा मीटरची, म्हणजे १५ मिमीला जवळपास पाच सेंटिमीटर. बेस १५ मिमी खोल. दोन बेस समोरासमोर भिडवायचे तर भाले शत्रूच्या डोक्यावरून पलीकडे जातील. उभे किंवा तिरके लावा आणि स्टीलची तार वापरा, मऊ धातूचे भाले एका खेळात वाकतात.

ओलावा:
मॅट वॉर्निशचा स्प्रे दमट हवेत मारू नका. मी मारला होता, दोन महिन्यांचं काम पांढऱ्या धुक्याखाली गेलं. वरून ब्रशने चकचकीत वॉर्निश दिल्यावर धुकं बरंचसं उतरलं. मग कोरडा दिवस बघून पुन्हा मॅट. आधी एका फुकट शिपायावर मारून बघा.

झेलमकाठ:
आठ धनुर्धर पुन्हा केले. खाकी, हस्तिदंती, आणि खांद्यावर पांढऱ्याची एक रेघ. शेजारी जुना ठेवून पाहिला, तो आता भूत वाटतो. भाले आडवेच लावले होते, आज सगळे उपटले. दोन शिपायांचे हातही सोबत आले. हत्तीचे कान उद्या.

निळी दाढी डाव्या कोपऱ्यातल्याला दिली.