साखर कारखान्यांच्या आसवन्या पर्यावरणस्नेही तंत्रज्ञानाकडे नेमक्या कशामुळे वळतात?

प्रश्न – प्रबंधार्थी, सांगली

नमस्कार. कंपन्या पर्यावरणस्नेही नवतंत्रज्ञान का स्वीकारतात, या विषयावर मी प्रबंध लिहीत असून त्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्या (अल्कोहोल बनवणारे विभाग) निवडल्या आहेत. नीट आखलेले कठोर नियम उद्योगांना नवे मार्ग शोधायला लावतात आणि त्यातून त्यांचा फायदाही होऊ शकतो, अशी मांडणी अमेरिकी अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९९१ मध्ये केली होती. मुलाखतींत मात्र मला बहुतेक वेळा ‘सामाजिक बांधिलकी’ एवढेच उत्तर मिळते. प्रत्यक्ष निर्णय कशावर होतो?

उत्तर – आसवनी विभाग

बांधिलकी वार्षिक अहवालात असते. संचालक मंडळापुढच्या टिपणीत दिवसांचा हिशेब असतो. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, निघतो आणि त्या गडद तपकिरी, उग्र वासाच्या पाण्याचे काय करायचे, यावर आसवनी किती दिवस चालणार हे ठरते. स्पेंटवॉशमधून बायोगॅस काढायचा आणि उरलेले पाणी प्रेसमडवर (उसाचा रस शुद्ध करताना उरणाऱ्या गाळावर) फवारून कंपोस्ट करायचे, ही जुनी पद्धत. पण उघड्या यार्डावरचे हे काम पावसात चालत नसल्यामुळे अशा आसवन्यांना वर्षातून २७० दिवसांचीच मर्यादा घालण्यात आली. स्पेंटवॉश आटवून तो बगॅस (उसाचे चिपाड) किंवा कोळशासोबत बॉयलरमध्ये जाळणाऱ्यांना पावसाची अडचण राहत नाही, शिवाय वाफ आणि वीजही मिळते. म्हणजे सक्ती नियमाने केली खरी, पण कोट्यवधी रुपयांचा बॉयलर मंजूर करून घेतला तो पावसाळ्यातल्या बंद महिन्यांनी.

अर्थात हे यंत्र सुखाने चालत नाही. स्पेंटवॉशमधल्या पोटॅशमुळे ट्यूबांवर राखेचा चिवट थर बसतो, उष्णता पुढे जात नाही आणि बॉयलर थंड करून ट्यूबा साफ कराव्या लागतात. त्याच राखेपासून केलेल्या पोटॅश खताला केंद्राच्या अनुदान योजनेत स्थान मिळाल्यावर डोकेदुखी असलेली राख विकाऊ माल ठरली. आता राख हाताळण्याच्या नव्या पद्धती आमचेच लोक सुचवतात.

उत्तर – कर्ज विभागातला

वरील उत्तरात बँक राहिली. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला (शुद्ध अल्कोहोलला) निश्चित दर, तेल कंपन्यांची खात्रीची खरेदी आणि २०१८ पासूनची व्याज सवलत योजना, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून बँकांनी आसवनी प्रकल्पांना हात दिला. नुसत्या नियमावर कोणी कर्ज देत नाही. मात्र ७ डिसेंबर २०२३ रोजी, गळीत हंगाम सुरू असतानाच, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आणली, पुढे काही दिवसांत मर्यादित परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील हंगामासाठी निर्बंध उठवले. हप्ते मात्र कोणासाठी थांबत नाहीत. माझ्या मते दर थोडा कमी असला तरी चालेल, पण धोरणाची धरसोड झाली की नवे तंत्रज्ञान घेण्याची उमेद सर्वांत आधी जाते.

उत्तर – नदीकाठचा सभासद

आपण दोघेही आमच्यासारख्यांना विसरलात. सहकारी कारखान्याचा सभासद हाच शेजारचा शेतकरीही असतो. त्याच्या विहिरीचे पाणी लाल झाले की तो प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करतो, प्रसंगी पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापर्यंत जातो आणि पुढच्या निवडणुकीत मतही देतो. २०१४ मध्ये अतिप्रदूषक १७ उद्योगप्रकारांना ऑनलाइन मापन यंत्रणा बसवण्याचे निर्देश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिले, त्यात आसवन्याही होत्या. पण यंत्राला वास येत नाही, आम्हाला येतो. आणि उसाला लागणारे पाणी हिशेबात घेतल्याशिवाय इथेनॉलला सरसकट पर्यावरणस्नेही म्हणणेही मला पटत नाही.

प्रबंधार्थी, सांगली

आभारी आहे. मग यांपैकी कोणते कारण आधी आणि कोणते नंतर, हे मुलाखतीत कसे काढावे?

आसवनी विभाग

कारण विचारूच नका, तारखा विचारा. मंडळाची नोटीस, कर्जमंजुरी आणि बॉयलरची खरेदी ऑर्डर, या तिन्ही कागदांच्या तारखा शेजारी मांडा. नोटिशीनंतर दोन-तीन वर्षे काहीच हालचाल नसेल आणि व्याज सवलत जाहीर होताच ऑर्डर निघाली असेल, तर ‘बांधिलकी’चा रकाना रिकामा ठेवायला हरकत नाही. नोटिशीच्याही आधी ऑर्डर दिलेला कारखाना सापडला, तर त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहा.